'श' वरच संपायला हवं का? मुलाच्या नावाच्या शेवटच्या अक्षराबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांत बाळाच्या नावाचेच प्रश्न जास्त होते, आणि गंमत म्हणजे पहिल्या अक्षरावरून कोणाचंच भांडण नाही, ते गुरुजींनी नाहीतर मोबाईलमधल्या अ‍ॅपने काढून दिलेलं असतं. सगळी ओढाताण शेवटच्या अक्षरावर. म्हणून आजचं सदर त्यालाच देऊन टाकलंय.

प्रश्न : सासरी सगळ्या पुरुषांची नावं 'श' वर संपतात. सासरे सुरेश, मिस्टर महेश, दीर योगेश. आता मला मुलगा झालाय, बारसं जवळ आलंय आणि सासूबाईंचं म्हणणं की 'श' च हवा, घराची रीत आहे, आणि शिवाय शेवटचं अक्षर माणसाला लाभावं लागतं. मला अर्णव आवडलंय. हे शेवटचं अक्षर लाभणं वगैरे खरंच कुठे सांगितलंय का हो? — एक नवी आई

उत्तर : ताई, आधी अभिनंदन. आता सरळ उत्तर : रास-नक्षत्राच्या हिशोबात शेवटच्या अक्षराला जागाच नाही. अवकहडा चक्र म्हणतात ते २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, मिळून १०८ अक्षरं, आणि ही सगळी नावाच्या सुरुवातीची. त्यातही हस्ताच्या तिसऱ्या चरणाला 'ण' येतो आणि आर्द्रेच्या तिसऱ्याला 'ङ', आता ङ वरून नाव ठेवून दाखवा कोणीतरी, तिथे लोक गुपचूप शेजारचं अक्षर घेतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. म्हणजे पहिलं अक्षर सुद्धा आपण सोयीने वाकवतो, मग शेवटच्यासाठी एवढं अडून बसायचं कशाला.

पण सासूबाई अगदीच हवेत बोलतायत असंही नाही बरं का. जुन्या ग्रंथांत नावाच्या शेवटाबद्दल नियम आहे, फक्त तो शुभ-अशुभाचा नाही, आवाजाचा आहे. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचं नाव कसं असावं ते दिलंय : दोन किंवा चार अक्षरी, सुरुवात घोष व्यंजनाने म्हणजे ग, ज, द, ब यांसारख्या घुमणाऱ्या अक्षराने, मध्ये य-र-ल-व पैकी काहीतरी, आणि शेवटी दीर्घ स्वर नाहीतर विसर्ग. मुलीचं मात्र विषम अक्षरी आणि आकारान्त. पतंजलीच्या महाभाष्यातही मुलाच्या नावाचा असाच नियम येतो, दोन नाहीतर चार अक्षरं तिथेही आहेत, आणि वर एक मजेदार अट, की हे नाव शत्रूच्या घरात चालत आलेलं नसावं. (ही अट आजही पाळली जाते, फक्त शत्रूच्या जागी जाऊबाईंचं माहेर असतं.)

आता यातला विसर्ग बघा. संस्कृतात राम म्हणजे 'रामः', देव म्हणजे 'देवः'. मराठीत आपण तो विसर्ग केव्हाच सोडला. त्यामुळे तुमचं अर्णव असो नाहीतर सासूबाईंचं गणेश, संस्कृत रूप घेतलं तर दोन्ही विसर्गावरच संपतात, अर्णवः आणि गणेशः. शेवटापुरतं बोलायचं तर शास्त्राने दोघींना पास केलंय. बाकीच्या अटी लावत बसलात तर दोन-चार अक्षरांच्या नियमात दोन्ही नावं अडकतील, सुरेश-महेशही अडकतील, तेव्हा तो विषय घरात काढूच नका.

राहिली घराची रीत. सुरेश, महेश, योगेश हा 'श' मुळात वेगळा निवडलेला नाहीये, तो 'ईश' आहे, सुर आणि ईश मिळून सुरेश, योग आणि ईश मिळून योगेश. म्हणजे तुमच्या घरात चालत आलंय ते अक्षर नाही, देवाचं नाव आहे. सासूबाईंना हे सांगून बघा, त्यांना पटण्यासारखं आहे, आणि मग एखादं देवाचंच पण वेगळ्या शेवटाचं नाव, राघव किंवा केदार वगैरे, मधला मार्ग म्हणून पुढे करता येतं. नाहीच पटलं तर पाळण्यातलं नाव त्यांना देऊन टाका. पाळण्यातलं एक आणि हाकेचं दुसरं हे आपल्याकडे नवीन थोडंच आहे, टिळकांचं मूळ नाव केशव, जगाने ओळखलं ते बाळ गंगाधर म्हणून.

आणि आता माझं मत, कारण तुम्ही विचारलंय म्हणून नाही तर मला सांगायचंच आहे म्हणून. शेवटचं अक्षर एकटं कधी ऐकूच येत नाही. त्याला कायम काहीतरी चिकटलेलं असतं. मराठीत आपण नुसतं नाव घेतो कितीदा? 'ला', 'ने', 'शी', 'चा' लावूनच बोलतो. तुमच्या घरात रोज कोणीतरी म्हणत असेल, "महेशशी बोललीस का?" जरा मोठ्याने म्हणून बघा, श वर श. एक तर गिळला जातो नाहीतर मध्ये थांबावं लागतं. 'ल' वाल्यांचं तेच, "राहुलला उठव", "निखिलला डबा दे", दिवसातून पन्नास वेळा ल-ल-ल. 'न' वाल्यांचं "रोहनने सांडलं", "अर्जुनने मारलं", बोलताना त्याचं "रोहननं" होतं आणि ऐकणाऱ्याला 'रोहनं' ऐकू येतं. हे काही वाईट नाही, लाखो राहुल आणि रोहन सुखात आहेत, पण अक्षर लाभतं का हे बघायचंच असेल तर असं बघा. चार वाक्यं बोला, एक 'ला' चं, एक 'ने' चं, एक 'शी' चं, एक 'चा' चं. अर्णवला, अर्णवने, अर्णवशी, अर्णवचा. कुठेच अडत नाही. माझं मत तुमच्या बाजूने.

वडिलांचं नाव जोडूनही म्हणून बघा, कारण आपल्याकडे ते जन्मभर मागे लागलेलं असतं. अर्णव महेश छान जातं. पण एखाद्या शशिकांतरावांनी मुलाचं नाव यश ठेवलं की 'यश शशिकांत' म्हणताना शाळेतल्या बाईंची जीभ वळते की नाही बघा. ओम मनोज, सुमित तुषार, रोहन नरेंद्र, सगळी त्याच जातीची. फॉर्मवर आडनाव आधी येतं तिथे पुन्हा वेगळी गंमत, 'जोशी ईशान' हजेरीत जोशीशान होतो.

प्रश्न : आम्हाला मुलाचं नाव आर्य ठेवायचंय पण घरचे म्हणतात मुलीचं वाटतं. दुसरं नाव कृष्णा आहे, त्यालाही तेच म्हणतात की आ आणि ई वर संपणारी नावं मुलींचीच. खरंय का? — एक बाबा

उत्तर : दादा, शिवाजी, संभाजी, तानाजी, संताजी, धनाजी. सगळी ई वर संपतात. यातलं कोणाचं मुलीचं वाटतं ते घरच्यांना विचारा.

आ चं पण तेच. विठोबा, खंडोबा, ज्ञानोबा, आणि विनायकाचे झालेले विनोबा. उलट मराठी माणसाला आपला मुलगा आकारान्तच आवडतो असं मला वाटत आलंय. संतांच्या अभंगांतली नावं आठवा, नामदेव स्वतःला नामा म्हणतात, तुकाराम तुका म्हणतात, चोखामेळा चोखा, एकनाथ 'एका जनार्दनी'. चौघांनीही मागचा भाग कापून टाकला आणि 'आ' वर आणून ठेवला. आणि देवाला हाक मारताना तर सगळेच, विठ्ठला, पांडुरंगा, गोविंदा, मुकुंदा. संबोधनात अकारान्त नाव आकारान्त होतंच, हा व्याकरणाचाच भाग आहे. तेव्हा कृष्णा मुलीचं वाटतं ही भीती काढून टाका. द्रौपदीचंही एक नाव कृष्णा आहे हे खरं, पण ते नाव घेताना पाळण्यात मुलगा बघून कोणाला द्रौपदी आठवत नाही.

आर्य चा प्रॉब्लेम वेगळा आहे आणि तो खरा आहे. मराठीत आर्य आणि आर्या वेगळे दिसतात, वेगळे ऐकू येतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही एकच होतात कारण शेवटचा ए दोघांनाही लागतो. मग कॉलेजच्या लिस्टमध्ये मिस लागणार, कस्टमर केअरवाला मॅडम म्हणणार. जोडाक्षरावर संपणाऱ्या सगळ्या नावांना हे थोडंफार आहे, रुद्र, वज्र, अथर्व, शौर्य, आदित्य. आपण राम म्हणताना शेवटचा अ खाऊन टाकतो, पण जोडाक्षर असलं की तो अ थोडासा उरतो, म्हणून स्पेलिंगमध्ये ए लावावासा वाटतो, आणि ए लावला की परप्रांतातला माणूस रुद्रा, अथर्वा वाचतो. रुद्रा, अथर्वा म्हटलं तरी निदान मुलगाच वाटतो. आर्य मध्ये तेवढी सोय नाही. आवडलंच असेल तर आर्यन, आर्यमन ही जवळची नावं आहेत, नाहीतर ठेवा बिनधास्त आणि मिस्टर-मिस चं सहन करा, तेवढ्याने कोणी मोठं व्हायचं राहत नाही.

जाता जाता, जोडाक्षरी शेवटाचा एक फायदा कोणी सांगत नाही. 'ला', 'ने' लावताना तो उरलेला अ मध्ये येतो त्यामुळे रुद्रला, पार्थने, अथर्वशी हे सगळं घसरत नाही.

प्रश्न : मोठ्याचं नाव तन्मय आहे. धाकट्याचं पण 'य' वर संपणारंच हवंय, चिन्मय किंवा अमेय. जोडी छान दिसेल ना? — दोन मुलांची आई

उत्तर : पत्रिकेवर छान दिसेल. पण स्वयंपाकघरातून हाक मारलीत की तन्मय-चिन्मय मधला फक्त 'न्मय' आतल्या खोलीत पोचणार आणि दोघंही येणार नाहीत, प्रत्येकाला वाटणार दुसऱ्याला बोलावलं. अमेय चालेल, सुरुवात वेगळी आहे. शेवट जुळवायचा तर आधीची अक्षरं जेवढी लांब ठेवता येतील तेवढी ठेवा, एवढंच.

प्रश्न : हाक मारायला कोणत्या अक्षरावर संपणारं नाव बरं? आमच्या आजी म्हणतात क, ट वर संपणारं नाव ठेवू नये, तोडल्यासारखं वाटतं. — एक होणारी मावशी

उत्तर : आजींचा कान चांगला आहे. न, म, र, ल म्हणताना आवाज थांबत नाही, तुम्ही श्वास पुरेल तोवर "समीऽऽर", "रोहऽऽन" ओढू शकता, शेवटचं अक्षर सुद्धा घुमत राहतं. क, ट, त, प वर जीभ किंवा ओठ अडतात आणि हाक तिथेच बंद होते, ऋत्विक, सम्राट, रोहित, संदीप. श आणि स मध्ये हवा बाहेर पडते पण लांबून तो सुस्कारा ऐकू येत नाही, तेजस आणि तेज यात मैदानावर फरक राहत नाही. म्हणून ठेवूच नये असं मी म्हणणार नाही. ठामपणे संपणारं नाव काहींना आवडतं, विवेक, अभिषेक ही नावं मला तरी ऐकायला भारदस्त वाटतात.

अजून एक, बाळ स्वतः आपलं नाव घेणार आहे हे सगळे विसरतात. म, ब, प, त, न मुलांना लवकर येतात. र, ळ, ण, श, ष यांना वेळ लागतो. समीर पहिली काही वर्षं स्वतःला समील म्हणणार आणि गोपाळ गोपाल. गोड वाटतं, तेव्हा हे काही नाव टाळायचं कारण नाही.

आणि मावशी, इतका विचार करून निवडलेलं अक्षर शाळेतल्या पोरांच्या हातात गेलं की संपलंच. गणेश चा गण्या, प्रकाश चा पक्या, संदीप चा संद्या, दिनेश चा दिन्या, अविनाश चा अव्या. पाहिलंत ना, शेवटचं अक्षर कुठलंही असू द्या, 'या' येऊन बसतो. टिकतं ते पहिलं अक्षर आणि कधी कधी मधलं. म्हणून मी तर म्हणते शेवटच्यासाठी रात्री जागवायच्या त्याऐवजी नावाला 'या' लावून बघा, काय ऐकू येतं, कारण तेच ऐकत तो दहावीपर्यंत जाणार आहे.

प्रश्न : 'अंश', 'आन' आणि 'इक' सोडून वेगळ्या शेवटाची नावं सुचवा. आमच्या ओळखीत सगळी शिवांश, देवांश, विहान, कियान, अद्विक झालीत. — कंटाळलेले आजोबा

उत्तर : काका, तुमचं दुःख समजलं. या शेवटांत वाईट काही नाही, पण एक साचा मिळाला की त्याच्या आधी काहीही लावून नाव तयार करतात आणि मग अर्थ शोधतात, तो बहुतेक वेळा 'सूर्याचा पहिला किरण' निघतो. अंश आवडत असेल तर त्याच्या आधीच्या भागाचा अर्थ स्वतः लागतोय का तेवढं बघावं. श्रेयांश ठेवणाऱ्यांनी हेही बघावं की अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ आहेत, स वर, त्यांच्यावरून नाव ठेवायचं तर स च हवा.

कमी ऐकू येणारे शेवट हवेत तर ही घ्या, मनाला येतील तशी सांगते. घ वर अमोघ. ख वर मयूख, हा खरोखरच किरण. ठ वर नीलकंठ आणि श्रीकंठ, थोडी जुनी वाटतील पण हाक मारायला दणदणीत. ड वर मार्तंड. थ ला पार्थ-समर्थ सगळीकडे झालेत, भगीरथ कोणी ठेवत नाही हल्ली. भ वर ऋषभ, वल्लभ, सौरभ. ग वर पराग, श्रीरंग, यातलं पराग मध्येच कुठे गायब झालं कळत नाही, इतकं सुटसुटीत नाव. ण वर वरुण आणि नारायण, नारायण पुन्हा यायला हरकत नाही. ध ला अनिरुद्ध. क्ष वर दक्ष, मोक्ष. ज्ञ वर सर्वज्ञ, पण अभ्यासात बेताचा निघाला तर पोराला जन्मभर टोमणे, विचार करून ठेवा. च वर कच आहे, बृहस्पतीचा मुलगा, संजीवनी विद्या शिकून आलेला, पण 'कचचा डबा' म्हणून बघा आणि सोडून द्या. फ वर संस्कृतातून येणारं हाताशी काही नाही, पण आसिफ, युसूफ, अल्ताफ आहेतच. ऊ वर शंभू, भानू, अभिमन्यू. छ, झ वर संपणारं नाव मात्र मागू नका, अ‍ॅपने दिलं तरी घेऊ नका.

म वर संपणारी शुभम, शिवम, सोहम, ओम ही एका पिढीत खूप झाली म्हणून टाळतात लोक, ठीक आहे. संयम किंवा अनुपम अजून तेवढं झालेलं नाही.

प्रश्न : एका अंकशास्त्रवाल्यांनी सांगितलं की मुलाच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी एक जास्तीचा ए लावा. बर्थ सर्टिफिकेटवर नाव अजून टाकलेलं नाही. काय करू? मुदत किती असते? — गोंधळलेला बाबा

उत्तर : आधी मुदत, कारण ती महत्त्वाची. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती नावाशिवायही होते आणि तुमची झालेली दिसतेय. नाव नंतर टाकता येतं, जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ मध्ये त्याची सोय आहे. नोंदणीपासून १२ महिन्यांत टाकलं तर फी नाही, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे घाई नाही, पण उगाच लांबवूही नका, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार वगैरे ठिकाणी जन्माचा पुरावा म्हणून हेच सर्टिफिकेट चालणार आहे. आणि एकदा नाव चढलं की ते बदलणं म्हणजे कागद, अ‍ॅफिडेव्हिट, गॅझेट अशी वारी.

आता तो जास्तीचा ए. इंग्रजी अक्षरांना आकडे देऊन बेरीज करायची ही पद्धत, मुलाचं मराठी नाव तिला दिसतच नाही. तुम्ही घरात त्याला ज्या नावाने हाक मारणार ते तसंच राहतं, बदलतं फक्त लोक वाचतात ते. शेवटी ए वाढवला की ओंकार चा ओंकारा होतो, विराज चा विराजा होतो, आणि बँकेत, तिकिटावर, परीक्षेच्या हॉल तिकिटावर कोणीतरी एक ए कमी टाकतोच, मग दोन कागदांवर दोन माणसं तयार होतात. माझ्या मते तो ए लावू नका. बायको आणि आई दोघी 'लावूया' म्हणत असतील तर मग प्रत्येक कागदावर, पहिल्यापासून, तोच ए जसाच्या तसा जाईल एवढी जबाबदारी तुमची, आणि सर्टिफिकेट हातात आलं की खिडकीवरून हलायच्या आधी स्पेलिंग एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, मराठी रकाना पण.